दुखणाईत दोघं, नोंद एकाचीही नाही

गावात बाळ जन्मलं की आशाताई घरी येते. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन करते, अंग गरम आहे का पाहते, श्वास मोजते. आईला दूध येतं का, ताप येतो का, अंगावरून जास्त जातं का, तेही विचारते. या भेटींची नोंद होते आणि त्यांचा मोबदलाही ठरलेला आहे. बाळ आईच्या भरवशावर असतं, म्हणून बाळ पाहायचं तर आईलाही पाहावं लागतं, हे तिथे सगळ्यांना मान्य आहे.

त्याच घरात, सपरीच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर एक म्हातारा असतो. अर्धांगानं त्याची एक बाजू गेलेली असते. नाहीतर एक म्हातारी असते, जिला आपली सून कोण हेच आता आठवत नाही. त्यांच्यासाठी ठरलेल्या दिवशी येणारं कुणी नाही. आणि त्यांचं हगणं-मुतणं, खाणं-पिणं, रात्रीचं जागणं ज्या बाईच्या अंगावर आहे, तिचं नाव तर कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. माझं म्हणणं असं की, म्हाताऱ्या माणसाच्या मनाची काळजी घ्यायची असेल तर आरोग्य यंत्रणेनं घरी गेलं पाहिजे, ठरलेल्या दिवशी गेलं पाहिजे, आणि चौकशी दोघांची केली पाहिजे. बाजेवरच्या माणसाची, आणि बाजेशी बसलेल्या माणसाचीही.

हे होणार नाही असं निदान विदर्भात तरी कुणी म्हणू नये. बाळासाठी घरी जायची ही पद्धतच मुळी आपल्या गडचिरोलीतून निघाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यातल्या जेमतेम शिकलेल्या बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. नवजात बाळाचा न्यूमोनिया ओळखायला, त्याच्यावर उपचार करायला शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि २०११ पासून ‘घरच्या घरी नवजात बालसेवा’ म्हणून देशभर लागू झालं. गावातली बाई आजार ओळखू शकते आणि डॉक्टर येईपर्यंत जीव सांभाळू शकते, हे त्या वेळी मोठमोठ्या डॉक्टरांना पटत नव्हतं. आज त्यावर वाद घालणारा कुणी उरलेला नाही.

मनाच्या दुखण्याचंही तसंच आहे, आणि त्याचाही दाखला विदर्भातलाच. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, घरोघरी जाऊन मनावरच्या ताणाबद्दल बोलायला सुरुवात केली, गरज वाटली त्याला समुपदेशकापर्यंत आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञापर्यंत नेलं. काम सुरू होण्याआधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी कुणाची तरी मदत घेतलेली होती. दीड वर्षानं तो आकडा ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेला. मनात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडे लोक मनाबद्दल बोलतच नाहीत, असं जे ठोकून दिलं जातं ते खरं नाही. ऐकणारा माणूस दारात आला की लोक बोलतात.

म्हातारपणीची उदासी मात्र ओळखू येत नाही. म्हातारा माणूस कधीच म्हणत नाही की मला उदास वाटतं. तो म्हणतो, अंग कसंसंच करते, डोकं बधिर झाल्यावानी होते, तोंडाले चव नाई, पोटात गोळा येते, रातभर डोळ्याले डोळा नाई. घरचे त्याला तालुक्याला नेतात, तिथे एक सलाईन लागते, दोन इंजेक्शनं होतात, शक्तीच्या गोळ्या मिळतात. दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. अशा फेऱ्यांत एका कास्तकाराचे किती पैसे जातात, हे ज्याच्या घरात घडलं त्यालाच ठाऊक.

ओळखायची खूण बहुतेक वेळा गावासमोर असते. आपल्याकडे कितीतरी गावांत संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. वीस-वीस वर्षं तिथे न चुकता बसणारा, खंजिरी वाजवणारा एखादा आबाजी एकदम यायचा बंद होतो. लोक म्हणतात, थकला आता. वावरात जायचं सोडतो, लोक म्हणतात, पोराच्या हवाली केलं, चांगलं झालं. नातवाशी बोलत नाही, पोळी अर्धीच खातो, ‘आता कायले जगाव’ असं सहज बोलल्यासारखं बोलून जातो. तेही म्हातारपणाच्या खाती जमा होतं. म्हातारपण म्हणजे उदासी नव्हे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस माणसाचं कशातच मन लागत नसेल, तर तो आजार आहे आणि तो औषधानं, बोलण्यानं बरा होतो. औषधाचा गुण यायला मात्र तीन-चार आठवडे जातात, आणि नेमकं त्याच्या आधीच ‘काहीच फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. त्या चार आठवड्यांत घरी येऊन धीर देणारं कुणी असतं तर कितीतरी जण बरे झाले असते.

आणखी एक फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागलं, दिवसा झोपून रात्री भलतंच बोलायला लागलं, तर ते वेड नाही आणि बाहेरची बाधाही नाही. बहुतेक वेळा लघवीला किंवा छातीत जंतुसंसर्ग झालेला असतो, अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालेलं असतं, नाहीतर एखादी नवी गोळी मानवलेली नसते. आपल्याकडच्या मे महिन्यात, टिनाच्या खोलीत, लघवीला उठावं लागू नये म्हणून पाणीच न पिणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. अशा माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं असतं, अंगाऱ्यात दिवस घालवायचे नसतात. दोन-चार महिन्यांत माणूस हळूहळू मिटत गेला तर उदासीचा संशय घ्यायचा. आणि वर्ष-दोन वर्षांत आठवण, हिशेब, रस्ता असं एकेक सुटत गेलं तर तो स्मृतिभ्रंश. बी-बाराची कमतरता आणि थायरॉइडच्या दुखण्यानंही असंच दिसतं, म्हणून रक्त तपासून घ्यायचं. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून देणं मात्र टाळावं. त्यानं म्हातारं माणूस आणखी गोंधळतं, आणि रात्री पडून खुबा मोडतो.

स्मृतिभ्रंशावर थोडं थांबून बोलते, कारण खेड्यातल्या घरात तो जेवढं उद्ध्वस्त करतो तेवढं दुसरं कुठलंच दुखणं करत नाही. २०१७-१८ च्या देशव्यापी ज्येष्ठ पाहणीच्या आधारे संशोधकांनी काढलेला अंदाज सांगतो की साठीपुढच्या शंभरातल्या सात जणांना तो आहे, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त आहे: शहरात ५.३ टक्के, खेड्यात ८.४. पुरुषांपेक्षा बायांमध्ये जास्त. तरीही आपल्या गावांत या आजाराला नाव नाही. नाव आहे ते सुनेच्या वागणुकीला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी एका घरी बसले होते. सासू पंचाहत्तरीपुढची, सून चाळिशीची. दुपारचं जेवण आमच्यासमोरच झालं. सुनेनं भाकर कुस्करून वरणात भिजवली, घास घास करून भरवलं, तोंड पुसलं. भांडी घासायला ती मागच्या अंगणात गेली आणि पाच मिनिटांत म्हातारी मला हळूच म्हणाली, “बाई, सकाळपासून पोटात काई नाई. थे मले जेवाले देत नाई.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच आठवत नव्हतं. नवीन आठवण ठरतच नाही, जुनी तेवढी टिकते, हाच तर या आजाराचा स्वभाव. पण हेच वाक्य ती शेजारणीला सांगते, कुंपणावरून जाणाऱ्या येणाऱ्याला सांगते, दिवाळीला आलेल्या लेकीला सांगते. पुण्याहून आलेला धाकटा मुलगा ऐकतो आणि वहिनीकडे पाहतो. आमच्या पाटल्या हिनं काढून घेतल्या, माझे पैसे हिनं चोरले, हेही आजारातच येतं, आणि रोख नेहमी जवळच्या माणसावर असतो. कारण तेच एक माणूस दिवसभर डोळ्यांसमोर असतं.

त्या सुनेला मी विचारलं, तुझी तब्येत कशी आहे? ती म्हणाली, “मले काय धाड भरली? मी तं चांगली हाव.” मग बराच वेळ गप्प बसली. नंतर बोलली ते असं: “रातच्यानं झोप नाई. बुढी उठते, दार उघडते, मले घरी जायचं हाय म्हणते. कितीक डाव सांगतलं, हेच घर हाय. मंग मले राग येते. एक दिवस हात उगारला मी. मंग मीच रडत बसली.” कापूस वेचणीचे दिवस होते. गावातल्या बाया वावरात जाऊन किलोमागे मजुरी कमावत होत्या आणि ही घरात अडकलेली होती. बचत गटाचा हप्ता थकलेला. नवरा वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या मते हे बायांचं काम. दोन वर्षांत ती माहेरी राहायला गेलेली नव्हती.

उगारलेल्या हाताबद्दल मी तिला दोष देत नाही, पण त्या हाताकडे डोळेझाकही करणार नाही. कित्येक घरांत तो हात खाली येतो. म्हाताऱ्यांना मार बसतो, उपाशी ठेवलं जातं, गोठ्यात खाट टाकली जाते, हे आपल्या गावांत घडतं आणि ते गुन्हा आहे. पण रात्रंदिवस न झोपलेल्या माणसाकडून मायेची अपेक्षा करत राहणं, आणि त्याला चार तासांचीही उसंत न देणं, यातून म्हाताऱ्याचं भलं होणार नाही. सांभाळणाऱ्याचं मन ठीक राहिलं तरच बाजेवरचा माणूस सुखरूप राहतो. त्यासाठी तिला तीन-चार गोष्टी समजावून सांगणारं कुणी हवं होतं. ‘घरी जायचं’ म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नसतो. ‘हो, जाऊ, आधी चहा घे’ म्हणायचं असतं. दिवेलागणीला गोंधळ वाढतो, म्हणून त्या वेळी घरात चांगला उजेड ठेवायचा. दाराची कडी वरच्या बाजूला लावायची. खिशात किंवा पदराच्या गाठीत घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. आणि हाताला काम द्यायचं. वाती वळायला द्या, तूर निवडायला द्या. काम नीट होतं की नाही हा प्रश्नच नाही, त्या दोन तासांत तिचा जीव शांत राहतो. एवढं सांगायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, शिकवलेली आशाताई पुरते.

सांभाळणारी नेहमी सूनच असते असंही नाही. पासष्टीची बायको पंचाहत्तरीच्या नवऱ्याला एकटीच उचलते, कारण पोरं हैदराबाद-पुण्याला आहेत. गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि लहान लेकरं राहतात, आणि कोण कोणाला सांभाळतं ते सांगता येत नाही. आणखी एक सांभाळणारा आहे, त्याच्याविषयी तर कुणी बोलतच नाही. पस्तिशी उलटलेला, कोरडवाहू शेतीमुळे लग्न न जमलेला मुलगा, जो घरात एकटा आपल्या आईला सांभाळतो. तिला अंघोळ घालायला त्याला संकोच वाटतो, तिलाही वाटतो. शेजारच्या बाईला रोज कसं म्हणणार? तो कुणाला सांगत नाही, संध्याकाळी पिऊन येतो. आणि ज्या घरातल्या कर्त्या मुलानं आत्महत्या केली, तिथे म्हातारे आईबाप आणि तरुण सून एकाच दुःखात असूनही एकमेकांशी बोलत नाहीत. सरकारी मदतीच्या प्रकरणाचा ‘पात्र’ की ‘अपात्र’ असा निकाल लागला की त्या घरी सरकारी माणूस पुन्हा फिरकत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्यानं २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताईंनी घरोघर जाऊन शेतकरी कुटुंबांत ताण-नैराश्य शोधायचं, अशी त्याची रचना. म्हणजे प्रश्नावली घेऊन दारात जायची वाटही आपल्याकडे पाडलेली आहे. प्रकल्पाची नजर मात्र कर्जात बुडालेल्या कर्त्या माणसाकडे जास्त होती, आणि ते त्या वेळी समजण्यासारखं होतं. आता ती बाजेपर्यंत न्यायला हवी.

कागदावर बरंच काही आहे. २०१०-११ पासून ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यानं अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जावं, घरच्यांना शुश्रूषा शिकवावी असं लिहिलेलं आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्रांच्या, बारा सेवांमध्ये ज्येष्ठांची काळजी, परिहार सेवा (बऱ्या न होणाऱ्या दुखण्यातला त्रास कमी करणारी शुश्रूषा) आणि मानसिक आरोग्य या तिन्ही आहेत. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला पाच लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण २०२४ पासून मिळालं, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. घरात वर्षानुवर्षं चालणाऱ्या शुश्रूषेचा एक रुपयाही त्यात बसत नाही. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी २०२२ पासून मोफत आहे आणि ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र ज्या गावात एसटी दिवसातून एकदा येते, तिथून स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घेऊन जिल्ह्याच्या मानसोपचार ओपीडीला जायचं तर सोबत्याचा अख्खा दिवस आणि मजुरी जाते. तिथे गोळ्या महिन्याच्याच मिळतात, पुढल्या महिन्यात पुन्हा तेच. एकदा निदान झालेल्या माणसाच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रात का मिळू नयेत? रक्तदाबाच्या मिळतात, मग याच्या का नाही?

कायद्याकडेही पाहा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे. म्हाताऱ्या आईबापांना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांची शिक्षा होऊ शकते. हा कायदा हवाच. पण त्यातल्या ‘अपत्या’च्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात एवढेच येतात. जबाबदारी मुलाची, आणि खरकटं काढणारी, कपडे बदलणारी सून, जिचा कायद्यात कुठे पत्ता नाही. तिला व्याख्येत ओढून तिच्यावर खटला भरा, असं मी अजिबात म्हणत नाही. तिचं काम काम म्हणून मोजा, एवढंच म्हणते. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात, ज्याला सतत आधार लागतो अशा दिव्यांगासाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. म्हणजे सांभाळणाऱ्याच्या कष्टांना मोल आहे हे देशाच्या कायद्यानं तत्त्वतः स्वीकारलेलं आहे. स्मृतिभ्रंश, अर्धांग झालेल्या म्हाताऱ्यांच्या घरापर्यंत ते पोचवायचं राहिलं आहे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, आणि आजच्या महागाईत दीड हजारांत म्हाताऱ्याचं डायपर आणि औषधही भागत नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, आईबापांची सेवा हा संस्कार आहे, त्यात सरकार आणि पैसा कशाला आणायचा. आमच्या आज्यांनी सगळं विनातक्रार केलंच ना. केलं. पण त्या घरात चार जावा होत्या, आणि माणूस अंथरुणाला खिळला की फार काळ जगत नव्हता. आज औषधांमुळे तो दहा-दहा वर्षं जगतो, आणि घरात बाई एक. आणि आज्यांनी तक्रार केली नाही असं आपण म्हणतो, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. २०२४ च्या देशव्यापी पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बाया घरातल्यांची देखभाल करताना दिसल्या, पुरुष २१ टक्के. वेळ बायांचा दिवसाला १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. यात लेकरांची देखभालही आली. संस्कार सगळ्यांचा असेल तर वेळही सगळ्यांचा लागायला हवा. आईला रात्री लघवीला नेणं हे मुलाचंही काम आहे. एक दिवसाआड रात्र त्यानं जागवली तरी बायकोचं निम्मं दुखणं कमी होतं. ही सुधारणा करायला शासन निर्णय लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो आशाताईंकडूनच येतो. त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. मोबदल्यासाठी २०२३-२४ मध्ये त्यांना संपावर जावं लागलं. त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर टाकून वर ‘सेवाभाव’ शिकवणार असाल, तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन. ज्येष्ठांच्या घरभेटींना बाळाच्या भेटींसारखाच वेगळा, ठरलेला, वेळेवर मिळणारा मोबदला हवा. शिकवणं हवं, आणि अडलं तर फोनवर उत्तर देणारा डॉक्टर हवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मनाच्या दुखण्यासाठी फोनवर सल्ला देणारी चोवीस तासांची मोफत सरकारी सेवा आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं. म्हातारी माणसं स्वतःहून तिथे फोन लावतील अशी आशा करत बसण्यापेक्षा आशाताईनं घरभेटीत स्वतःच्या मोबाइलवरून लावून द्यावा. पहिल्यांदा बोलताना माणूस अडखळतो, शेजारी कुणी बसलेलं असलं की बोलतो.

भेटीत विचारायचं ते फार नाही. झोप कशी आहे, जेवण किती जातं, पंधरा दिवसांत घराबाहेर पाऊल पडलं का, जीव नकोसा वाटतो का. हे चारही प्रश्न आधी बाजेवरच्या माणसाला आणि मग सांभाळणाऱ्याला, वेगवेगळं बसवून. सासूसमोर सून बोलणार नाही आणि सुनेसमोर सासू. जीव नकोसा वाटतो का हे विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट मनातलं सांगायला वाट मिळते. त्याच भेटीत ऐकू येतं का, दिसतं का तेही पाहावं. ज्याला ऐकू येत नाही तो माणसांतून उठतो, आणि बहिरेपण स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढवतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या पात्र माणसांना साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. श्रवणयंत्रासाठी त्याचा उपयोग होतो, पण घरी जाऊन कान पाहणारा कुणी असेल तरच. आणि फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलंय, ते कुलपात आहे का, किल्ली कुणाकडे आहे, हे प्रत्येक भेटीत विचारलं गेलं पाहिजे. विदर्भात हा प्रश्न वगळून मानसिक आरोग्यावर बोलताच येणार नाही.

दुसरी गोष्ट विसाव्याची. समुपदेशनानं धीर येतो, पण झोप समुपदेशनानं भरून निघत नाही. त्यासाठी कुणीतरी त्या बाजेशी बसावं लागतं. बचत गटातल्या दोन-तीन बायांना शुश्रूषेचं शिक्षण द्यावं: कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, भरवताना ठसका लागू नये म्हणून कसं बसवायचं. त्यांनी आठवड्यातून दोनदा, तीन-चार तास एकेका घरी बसावं, आणि त्यांना रोजगार हमीइतकी तरी मजुरी मिळावी. त्या वेळात सांभाळणाऱ्या बाईनं झोपावं, बाजाराला जावं, वावरात जावं किंवा नुसतं शेजारणीकडे बसावं. तिनं काय केलं याचा हिशेब कुणी मागू नये. केरळनं २००८ मध्ये परिहार सेवेचं धोरण केलं, ग्रामपंचायतींना त्यात पैसा घालायला लावला, आणि आज तिथे परिचारिका पंचायतीच्या गाडीनं घरी जाते. केरळ श्रीमंत आहे, शिकलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या ग्रामपंचायतींनाही स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर आणि १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. वर्षाच्या अखेरीला त्यातून भांडी, खुर्च्या, शिलाई मशिनी येतात. एका मध्यम गावात बाजेला खिळलेली माणसं काही शेकडो नसतात. त्यांच्या घरच्या विसाव्याची मजुरी या पैशात पूर्ण बसणार नाही, मान्य, पण सुरुवात नक्की बसते, आणि बाकीच्यासाठी जिल्हा परिषदेकडे भांडता येतं.

महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात आणि त्याआधी महिला सभा घ्यावी लागते. ती बऱ्याचदा सह्यांपुरती उरकली जाते. तशी ती उरकू देऊ नका. २ ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षाचा गावविकास आराखडा ठरायला लागतो, तेव्हा गटातल्या बायांनी एक यादी करून न्यावी: गावात अंथरुणाला खिळलेले किती, आठवण गेलेले किती, आणि प्रत्येकापुढे त्याला सांभाळणाऱ्याचं नाव. आराखड्यात त्या यादीवर पैसा पडला का, हे पुढच्या सभेत विचारावं. नाही पडला तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडून) लेखी कारण मागावं.